एकवीस होस्टना विचारलं, अठरांनीच उत्तर दिलं: हायपर-व्हीच्या स्विचची स्क्रिप्ट कुठे फसते आणि ती कशी सरळ करायची

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. महापेला एका डेटा सेंटरमध्ये रात्रीचं पॅचिंग, म्हणजे सर्व्हरवर अपडेट चढवणं, चाललेलं, एका होस्टवरच्या (होस्ट म्हणजे खरा सर्व्हर) व्हीएम, म्हणजे त्यावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीन, दुसऱ्यावर हलवायला घेतल्या आणि त्यातल्या दोन जागच्या हलेनात. एरर काय, तर इथरनेट स्विच सापडत नाही. दोनच आठवड्यांपूर्वी आमच्या स्क्रिप्टने रिपोर्ट दिलेला की सगळ्या होस्टवर व्हर्च्युअल स्विचची, म्हणजे व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या स्विचची, नावं सारखी आहेत. तो रिपोर्ट तिथेच लॅपटॉपवर परत उघडला, एकेक ओळ वाचली, आणि प्रत्येक ओळ बरोबर होती. फक्त ओळी अठरा होस्टच्या होत्या आणि आपले होस्ट आहेत एकवीस. बाजूला बसलेला मुलगा म्हणाला, "सर, पण एरर तर काहीच आली नव्हती." आणि तो खरं सांगत होता, कारण स्क्रिप्ट चालवणाऱ्याने लाल अक्षरं नकोत म्हणून एरर दाबून टाकलेल्या.

त्या रात्रीनंतर मी अशा स्क्रिप्टकडे एकाच नजरेने बघतो. एका होस्टला विचारलं की तीन उत्तरं शक्य असतात: स्विच आहेत, स्विच नाहीत, किंवा विचारताच आलं नाही. बहुतेक स्क्रिप्टमध्ये दुसरं आणि तिसरं सारखंच दिसतं, म्हणजे दोन्ही वेळेला काहीच दिसत नाही. स्टेशनवर इंडिकेटर बंद पडला तर आपण आज गाड्या नाहीत असं समजून घरी परत जात नाही ना, मग रिकाम्या आउटपुटवरून स्विच नाही असं का समजायचं.

खाली जे लिहितोय ते विंडोज सर्व्हर, हायपर-व्ही (त्यावर व्हीएम चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) आणि पॉवरशेल (कमांड आणि स्क्रिप्ट चालवायची सोय) धरून आहे, शेवटाकडे व्हीएमवेअरवाल्यांसाठी, म्हणजे दुसऱ्या कंपनीची तशीच सोय वापरणाऱ्यांसाठी, थोडं आहे. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीयत, टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.

आधी एकाच होस्टवर बसा

स्क्रिप्ट बिघडली की लोक सरळ स्क्रिप्ट उघडून कोड बदलायला लागतात. तसं करू नका. एक होस्ट निवडा, त्याच्यावर रिमोट डेस्कटॉपने लॉगिन करा, पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि नुसतं गेट-व्हीएमस्विच, म्हणजे होस्टवरचे स्विच दाखवणारी कमांड, चालवा. मग तेच पॉवरशेल साधं उघडून चालवा. फरक दिसला तर प्रश्न नेटवर्कचा नाही, हक्कांचा आहे. हायपर-व्हीच्या कमांड हक्क कमी असले तर कधी स्पष्ट एरर देतात आणि कधी नुसत्या रिकाम्या परत येतात, गेट-व्हीएमच्या बाबतीत हे मी स्वतः बघितलंय, आणि रिकामं परत येणं हे जास्त घातक. ज्या अकाउंटने स्क्रिप्ट चालणार आहे ते अकाउंट त्या होस्टच्या लोकल ॲडमिनिस्ट्रेटर्समध्ये आहे का ते बघा. नुसतं हायपर-व्ही ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये असून स्विच दिसतील, पण रिमोटने आत शिरायला वेगळी परवानगी लागते, त्यासाठी रिमोट मॅनेजमेंट युजर्स हा ग्रुप आहे.

स्विच दिसले की प्रत्येकाचे चार गुण लिहून ठेवा: नाव, टाइप म्हणजे एक्स्टर्नल, इंटर्नल की प्रायव्हेट, कुठल्या फिजिकल कार्डावर बांधलाय, आणि मॅनेजमेंट ओएसला, म्हणजे होस्टच्या स्वतःच्या विंडोजला, त्यातून वाट दिलीय का. हा कागद पुढे कामाला येतो, कारण स्क्रिप्ट या होस्टबद्दल जे सांगेल ते याच्याशी ताडून बघायचंय.

होस्टची यादी, जिच्याकडे कोणी बघत नाही

आमच्या तीन हरवलेल्या होस्टपैकी एकाचं कारण इतकं साधं होतं की सांगताना वाईट वाटतं, टेक्स्ट फाइलमध्ये त्याच्या नावापुढे एक स्पेस होती. फाइल कोणीतरी एक्सेलमधून कॉपी करून बनवलेली. त्यामुळे यादी वाचली की प्रत्येक ओळ ट्रिम करायची, रिकाम्या ओळी टाकून द्यायच्या, दुबार नावं काढायची, आणि मग किती होस्ट उरले तो आकडा स्क्रीनवर छापायचा. हा आकडा छापणं विसरू नका, पुढचा सगळा हिशोब याच्यावर उभा आहे.

क्लस्टर, म्हणजे एकत्र बांधलेले होस्ट, असेल तर टेक्स्ट फाइल ठेवूच नका. गेट-क्लस्टरनोडने यादी घ्या, म्हणजे नवीन नोड (क्लस्टरमधला होस्ट) आला की तो आपोआप धरला जातो. प्रत्येक नोडची स्थितीही सोबत मिळते, अप, डाउन की पॉझ्ड. पॉझ्ड नोड वगळायचा मोह होतो, वगळू नका. पॅचिंगसाठी थांबवलेल्या नोडवरच बहुधा कोणीतरी कार्ड बदललेलं असतं.

अजून एक फसवणूक क्लस्टरच्याच बाबतीत. कोणीकोणी होस्टच्या यादीत क्लस्टरचंच नाव टाकतात, आणि कमांड चालतेही, उत्तरही येतं. पण क्लस्टरचं नाव त्या क्षणी ज्या नोडच्या ताब्यात असतं त्या एकाच नोडचे स्विच तुम्हाला दिसत असतात. उद्या ते नाव दुसऱ्या नोडकडे गेलं की उत्तर बदलतं, आणि माणूस स्विच कुठे गेले म्हणून शोधत बसतो.

नाव, पोर्ट, लॉगिन, याच क्रमाने

होस्ट उत्तर देत नाही तेव्हा खालपासून वर चढायचं. रिझॉल्व्ह-डीएनएसनेमने नावाचा आयपी येतोय का, आणि आलेला आयपी बरोबर आहे का. जुना सर्व्हर काढून त्याच नावाने नवा बसवला की डीएनएसमध्ये जुनी नोंद राहून जाते. मग टेस्ट-नेटकनेक्शनने ५९८५ पोर्ट बघा, हा विनआरएमचा, म्हणजे विंडोजवर दुरून कमांड चालवू देणाऱ्या सर्व्हिसचा, साधा पोर्ट, सर्टिफिकेट लावून चालवत असाल तर ५९८६. पिंग लागतोय एवढ्यावर खूश होऊ नका, पिंग चालतो आणि फायरवॉल ५९८५ अडवते हे रोजचं आहे.

पोर्ट उघडा मिळाला की टेस्ट-डब्ल्यूएसमॅन चालवा, आणि इथे नीट लक्ष द्या. ही कमांड नुसती चालवली तर ती लॉगिन करतच नाही, फक्त पलीकडे सर्व्हिस जिवंत आहे का एवढं विचारते. उत्तरात ओएसची व्हर्जन ०.०.० दिसली तर समजा की ओळख न देताच बाहेरून विचारलंय. सोबत ऑथेंटिकेशन हा पॅरामीटर देऊन परत चालवा, मग खरी व्हर्जन दिसते आणि लॉगिन चालतंय हे कळतं. मी कित्येकांना पहिल्या उत्तरावर थांबून विनआरएम ठीक आहे असं ठामपणे सांगताना ऐकलंय.

लॉगिनच फसत असेल तर दोन गोष्टी सगळ्यात आधी तपासा. एक, यादीत नावाऐवजी आयपी तर नाही ना. डोमेनमध्ये नाव दिलं की कर्बेरॉस, म्हणजे डोमेनची ओळख पटवायची पद्धत, चालतो, आयपी दिला की सहसा चालत नाही, मग विनआरएम म्हणतं की एकतर एचटीटीपीएस वापरा किंवा तो पत्ता ट्रस्टेड होस्ट्समध्ये टाका आणि क्रेडेन्शियल, म्हणजे युजरनेम-पासवर्ड, वेगळी द्या. बरेच जण यावर ट्रस्टेड होस्ट्समध्ये चक्क स्टार टाकून मोकळे होतात, म्हणजे कुठल्याही मशीनवर विश्वास. प्रॉडक्शनमध्ये हे करू नका, आयपी काढून नाव टाका, पाच मिनिटांचं काम आहे. दुसरी गोष्ट घड्याळ. कर्बेरॉसला नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि हायपर-व्हीचा होस्ट स्वतः वेळ कुठून घेतो हे फार कमी ठिकाणी नीट लावलेलं असतं. आमचा दुसरा हरवलेला होस्ट घड्याळामुळेच हरवला होता.

विचारायचं कसं: माझं मत सरळ आहे

दोन पद्धती आहेत. एक, गेट-व्हीएमस्विचलाच कॉम्प्युटरनेममध्ये होस्टची नावं द्यायची. दुसरी, इन्व्होक-कमांडने होस्टवर जाऊन तिथे गेट-व्हीएमस्विच चालवायचं. मी दुसरीच वापरतो.

कारण मॉड्यूलची, म्हणजे कमांडच्या संचाची, व्हर्जन. सर्व्हर २०१२ आर२ मध्ये हायपर-व्हीचं मॉड्यूल १.१ आहे, २०१६ पासून २.०. तुमच्या मशीनवर नवं मॉड्यूल आणि पलीकडे जुना होस्ट, असं असलं की कॉम्प्युटरनेमवाली पद्धत अडते आणि मग मुद्दाम १.१ लोड करावं लागतं. २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, तरी कोपऱ्यात एखादा होस्ट अजून चालू असतोच, कुठल्यातरी जुन्या ॲप्लिकेशनसाठी ठेवलेला. इन्व्होक-कमांडमध्ये होस्ट स्वतःचंच मॉड्यूल वापरतो, त्यामुळे हे भांडणच होत नाही.

शिवाय इन्व्होक-कमांड एका वेळी ३२ होस्टना समांतर विचारतं, हा त्याचा ठरलेला आकडा आहे आणि थ्रॉटललिमिटने बदलता येतो. बदलायची गरज मला कधी पडली नाही. फक्त एखादा होस्ट पार मेलेला असेल तर स्क्रिप्ट बराच वेळ लटकते, सेशन उघडायची मुदत मुळात ३ मिनिटांची आहे, म्हणून सेशन ऑप्शनमध्ये ओपनटाइमआउट कमी करून द्या. मी वीस सेकंद देतो.

आता या पद्धतीत जिथे माणसं अडकतात ते. स्क्रिप्टब्लॉकच्या, म्हणजे होस्टवर चालवायला पाठवलेल्या कोडच्या तुकड्याच्या, आत तुमच्या मशीनवरचा व्हेरिएबल दिसत नाही. बाहेर स्विचचं नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवलंय, आत तोच वापरलाय, आणि आत तो रिकामा. एरर कधी येते, कधी नाही. उपाय म्हणजे नावाआधी युझिंग लावणं, पॉवरशेल ३ पासून ही सोय आहे. तुमच्याकडे चालतं आणि होस्टवर चालत नाही अशा तक्रारीत मी हे सगळ्यात आधी बघतो.

दुसरं म्हणजे डबल हॉप. तुम्ही तुमच्या मशीनवरून होस्टवर गेलात, तिथून स्क्रिप्ट अजून तिसरीकडे जायला बघते, कुठल्या शेअरवरून फाइल वाचायला किंवा दुसऱ्या होस्टला विचारायला, की ॲक्सेस डिनाइड. तुमचं लॉगिन पहिल्या उडीपर्यंतच पोचतं, पुढे जात नाही, आणि ते तसंच असायला हवं. यावर क्रेडएसएसपी चालू करा असा सल्ला पटकन मिळतो. क्रेडएसएसपीमध्ये तुमची क्रेडेन्शियल त्या होस्टच्या हातात जातात, आणि एका स्विचच्या रिपोर्टसाठी एवढी किंमत मी देणार नाही. फाइल आधी तुमच्या मशीनवर वाचा, आतला मजकूर युझिंगने पाठवा, निकाल परत आणून तुमच्याच मशीनवर लिहा. दुसरी उडी मारावीच लागत नाही.

प्रत्येक होस्टची एक तरी ओळ

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई करू नका.

स्क्रिप्टब्लॉकमध्ये नुसतं गेट-व्हीएमस्विच लिहिलं तर ज्या होस्टवर स्विच नाही तो काहीच परत देत नाही, आणि जो होस्ट पोचलाच नाही तोही काहीच देत नाही. म्हणून आत ट्राय-कॅच, म्हणजे एरर पकडायची सोय, लावायचा, पण नुसता ट्राय-कॅच पुरत नाही, गेट-व्हीएमस्विचला एररॲक्शन स्टॉप द्यायलाच हवं, नाहीतर बऱ्याच एरर कॅचमध्ये येतच नाहीत, लाल ओळ दाखवून पुढे सरकतात. मग तीन वाटा करायच्या. स्विच मिळाले तर प्रत्येक स्विचची एक ओळ. एकही मिळाला नाही तर एक ओळ, स्थिती "स्विच नाही". कॅचमध्ये आला तर एक ओळ, स्थिती "एरर", आणि एररचा मजकूर. आणि तिन्ही वाटांना ओळीचे रकाने तेच आणि त्याच क्रमाने, रिकामे राहिले तरी चालतील.

रकाने सारखे का, हेही सांगतो. एक्स्पोर्ट-सीएसव्ही आणि फॉरमॅट-टेबल दोन्ही रकाने ठरवतात ते पहिल्या ओळीवरून. पहिला होस्ट एररवाला आला आणि त्याच्या ओळीत फक्त होस्टचं नाव आणि मजकूर असे दोनच रकाने असले, तर पुढच्या सगळ्या होस्टचे स्विचचे रकाने गपचूप गळून पडतात. डेटा आलेला असतो, दिसत नाही. एकदा अशाच रिपोर्टवर आम्ही अख्खी दुपार घालवलीय, होस्टचा क्रम बदलला की रिपोर्ट बदलायचा आणि कोणाला काही कळेना.

जो होस्ट पोचलाच नाही त्याची ओळ मात्र आतून येणार नाही, ती बाहेर बनवावी लागते. इन्व्होक-कमांडला एररव्हेरिएबल द्या, कनेक्शनच्या एरर त्यात गोळा होतात आणि प्रत्येकीच्या टार्गेटऑब्जेक्टमध्ये होस्टचं नाव असतं. पण मी त्याच्यावरही पूर्ण विसंबत नाही. शेवटी साधी वजाबाकी करतो: ज्यांना विचारलं ती यादी, वजा ज्यांची ओळ आली ते, आणि उरले त्यांना "उत्तर नाही" अशी ओळ. ओळ कोणाची आली हे बघायला पीएसकॉम्प्युटरनेम वापरा, कारण त्यात तुम्ही दिलेलंच नाव जसंच्या तसं परत येतं. होस्टच्या आतून कॉम्प्युटरनेम काढलं तर ते लहान नाव येतं, १५ अक्षरांत कापलेलं, डोमेनशिवाय, आणि यादीत तुम्ही पूर्ण नाव लिहिलं असेल तर वजाबाकी चुकते, सगळेच होस्ट गैरहजर दिसतात.

लाल अक्षरं नकोत म्हणून सायलेंटलीकंटिन्यू लावायला माझी हरकत नाही, पण एररव्हेरिएबल आणि ही वजाबाकी सोबत असेल तरच.

आलेलं उत्तर खरं वाचता येतंय का

इन्व्होक-कमांडमधून परत येतो तो मूळ ऑब्जेक्ट नसतो, त्याची प्रत असते. आकडे आणि अक्षरं ठीक येतात, बाकीच्यांचं खरं नाही. स्विचटाइप स्क्रीनवर एक्स्टर्नल असा दिसतो पण आत तो आकडा असतो, प्रायव्हेट ०, इंटर्नल १, एक्स्टर्नल २. जेसनमध्ये काढलात तर सरळ आकडा दिसेल, आणि परत आलेल्या प्रतीवर एक्स्टर्नलशी तुलना केली तर तुलना फसू शकते. म्हणून स्क्रिप्टब्लॉकच्या आतच त्याला स्ट्रिंग करून पाठवा. या प्रतीला पुढच्या हायपर-व्ही कमांडमध्ये पाइप करायला जाऊ नका, जे विचारायचं ते आतच विचारून घ्या.

मग फिजिकल कार्डाचं. सर्व्हर २०१६ पासून स्विच एम्बेडेड टीमिंग आलं, आपण त्याला सेट म्हणतो, त्यात एका स्विचखाली आठपर्यंत कार्डं असू शकतात. जुन्या स्क्रिप्ट एकवचनी रकाना वाचतात, नेटॲडॅप्टरइंटरफेसडिस्क्रिप्शन, आणि सेट असेल तर त्यात फक्त "टीम्ड-इंटरफेस" एवढंच मिळतं. कार्डांची खरी नावं त्याच्या अनेकवचनी भावात असतात. तो वाचला की दुसरी अडचण, ती यादी असते, सीएसव्हीत तिच्या जागी "सिस्टिम डॉट स्ट्रिंग" आणि चौकोनी कंस उमटतात. आतच जॉइन करून एक ओळ करा. आणि २०१२ आर२ वर अनेकवचनी रकाना नाहीच, तिथे एररही येणार नाही, नुसतं रिकामं, म्हणून दोन्ही वाचून जो भरलेला असेल तो घ्यायचा.

टीमचं बॅलन्सिंग बघायचं असेल तर गेट-व्हीएमस्विचटीम. इथे होस्टमध्ये फरक दिसला की लगेच कोणाला दोष देऊ नका, २०१६ मध्ये ठरलेली पद्धत डायनॅमिक होती, २०१९ पासून हायपर-व्ही पोर्ट झाली, त्यामुळे मिश्र होस्टमध्ये फरक आपोआपच येतो. फरक नोंदवा, ठरवून एकच पद्धत लावा.

गेट-व्हीएमस्विच खालच्या कार्डाची केबल लागलीय की निघालीय हे सांगत नाही. त्यासाठी त्याच स्क्रिप्टब्लॉकमध्ये गेट-नेटॲडॅप्टरने लिंक आणि स्पीड घ्या. कार्डाच्या वर्णनात शेवटी जो हॅश दोन, हॅश तीन असा नंबर येतो तो होस्टगणिक वेगळा लागू शकतो, त्यावरून पोर्ट ओळखायला जाऊ नका, मॅक ॲड्रेस घ्या.

व्हीएलएएन, म्हणजे एकाच वायरवरची नेटवर्कं वेगळी ठेवणारा नंबर, तोही स्विचवर शोधू नका. हायपर-व्हीमध्ये व्हीएलएएन असतो व्हीएमच्या नेटवर्क ॲडॅप्टरवर, गेट-व्हीएमनेटवर्कॲडॅप्टरव्हीलॅनने बघायचा, आणि मॅनेजमेंट ओएसचे ॲडॅप्टर त्याच कमांडला मॅनेजमेंटओएस देऊन वेगळे मागायचे.

नाव सारखं दिसतं म्हणून सारखं नसतं

दादरला आधी पश्चिम रेल्वेचा एक नंबर प्लॅटफॉर्म आणि मध्य रेल्वेचा एक नंबर प्लॅटफॉर्म असे दोन एक नंबर होते, नवीन माणूस हमखास चुकायचा, शेवटी ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेवाले ८ ते १४ झाले आणि गोंधळ मिटला. व्हर्च्युअल स्विचचं उलट आहे, इथे नाव सगळीकडे सारखंच ठेवावं लागतं, व्हीएम हलवताना पलीकडे त्याच नावाचा स्विच शोधला जातो. पण प्रत्येक होस्टवरचा तो स्विच स्वतंत्र, त्याचा आयडी वेगळा. म्हणून स्क्रिप्टमध्ये नुसत्या स्विचच्या नावाने ओळी साठवू नका. हॅशटेबलमध्ये किल्ली म्हणून फक्त नाव दिलं तर प्रत्येक नवा होस्ट आधीच्याला पुसतो आणि शेवटी एकाच होस्टची माहिती हातात राहते. किल्ली होस्ट आणि नाव मिळूनच करा.

आणि नावं खरंच सारखी आहेत का हे डोळ्यांनी ठरवू नका. आमचा तिसरा होस्ट असाच होता, पोचला असता तरी फसवलंच असतं, कारण त्याच्या स्विचच्या नावात साध्या डॅशऐवजी लांब डॅश होता, कोणीतरी वर्डच्या डॉक्युमेंटमधून नाव चिकटवलेलं. त्या रात्री व्हीएम अडल्या त्या याच होस्टकडे जाताना. स्क्रीनवर दोन्ही नावं एकसारखी. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये एक्स्पोर्ट-सीएसव्ही नेहमीच्या सेटिंगमध्ये आस्कीत लिहितं, त्यामुळे लांब डॅशच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं, आणि देवनागरी लिहिलं असेल तर सगळंच प्रश्नचिन्ह. एन्कोडिंग यूटीएफ८ द्या. रिपोर्टमध्ये नावाच्या दोन्ही बाजूला उभी रेघ छापा म्हणजे मागची स्पेस दिसते, शेजारी नावाची लांबीही छापा, आणि ग्रुप-ऑब्जेक्टने नावांचे गट करा. एकवीस होस्ट असतील आणि एका गटात वीस, दुसऱ्यात एक आला, तर तो एक उघडून बघा.

व्हीएम प्रत्यक्ष हलवायच्या आधी कंपेअर-व्हीएम चालवून घ्या, पलीकडचा होस्ट देऊन. काय जुळत नाही ते इनकम्पॅटिबिलिटीजमध्ये आधीच सांगतं, स्विच नसेल तर तेही, आणि काही हलवत नाही. रात्री एक वाजता कळण्यापेक्षा संध्याकाळी पाचला कळलेलं बरं.

व्हीएमवेअरवाल्यांसाठी

पॉवरसीएलआयमध्ये, म्हणजे व्हीएमवेअरच्या पॉवरशेल कमांडमध्ये, विचारायचं असतं व्हीसेंटरला, म्हणजे सगळे होस्ट सांभाळणाऱ्या मधल्या सर्व्हरला, त्यामुळे विनआरएमचा त्रास नाही, पण एक वेगळी चौथी शक्यता येते: शिळं उत्तर. होस्ट व्हीसेंटरपासून तुटला असेल तरी व्हीसेंटरकडे त्याची शेवटची माहिती असते आणि गेट-व्ह्यू ती निमूट दाखवतं. म्हणून प्रत्येक ओळीत कनेक्शनस्टेट हा रकाना हवाच, आणि कनेक्टेड किंवा मेंटेनन्स नसलेल्या होस्टची ओळ वेगळ्या रंगात. स्टँडर्ड स्विच आणि डिस्ट्रिब्युटेड स्विच वेगळे मागा, गेट-व्हर्च्युअलस्विचला स्टँडर्ड देऊन आणि गेट-व्हीडीस्विच वेगळं. पोर्ट ग्रुपच्या नावात लहानमोठ्या अक्षरांचा फरक चालत नाही, आणि पॉवरशेलची साधी तुलना तो फरक मानत नाही, तिथे सीईक्यू, म्हणजे लहानमोठी अक्षरंही जुळवून बघणारी तुलना, वापरा. स्टँडर्ड स्विचवर व्हीएलएएन ४०९५ दिसला तर तो चुकीचा आकडा नाही, सगळे टॅग व्हीएमपर्यंत जाऊ द्यायचे असा त्याचा अर्थ. आणि ओळी दुप्पट दिसायला लागल्या तर आधी डीफॉल्टव्हीआयसर्व्हर्स बघा, जुनं कनेक्शन उघडं राहिलेलं असतं.

शेड्यूल लावताना

हाताने चालवली तर नीट, टास्क शेड्यूलरने चालवली तर रिकामी, हे अगदी नेहमीचं. टास्क वेगळ्या अकाउंटने चालतो, तेव्हा हक्कांचं सगळं वरचं परत एकदा त्या अकाउंटने तपासायचं. जमत असेल तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट वापरा, पासवर्ड कुठे लिहून ठेवायला लागत नाही. दुसरं, टास्कमध्ये स्टार्ट इन भरलं नाही तर स्क्रिप्ट सिस्टिम३२ फोल्डरमध्ये उभी असते, त्यामुळे होस्टच्या यादीचा अर्धा पत्ता दिलात तर यादी सापडत नाही आणि शून्य होस्टचा रिपोर्ट बनतो. पूर्ण पत्ता द्या, आणि यादीत शून्य होस्ट आले तर स्क्रिप्टने तिथेच थांबून एरर कोड परत करावा अशी एक ओळ टाका.

रिपोर्टच्या मेलच्या सब्जेक्टमध्ये आम्ही आता दोनच आकडे टाकतो, विचारले किती आणि उत्तर दिलं किती. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून मोबाइलवर बघितलं तरी कळतं. परवा २१ आणि २० आलं, ठाणे येईपर्यंत मेसेज टाकला, आणि ऑफिसला पोचेपर्यंत नाइट शिफ्टच्या मुलीने त्या होस्टची विनआरएम सर्व्हिस बंद पडलेली शोधून चालू केलेली होती.